गांजा ‘कायदेशीर’ आहे म्हणजे नेमकं काय? बियापासून हातापर्यंतचा हिशेब

प्रश्न असा आहे: कॅनडात गांजा दुकानात मिळतो, ॲमस्टरडॅमला कॅफेत, जर्मनीत क्लबात, उरुग्वेत औषधाच्या दुकानात. थायलंडमध्ये तीनेक वर्षं रस्त्यारस्त्यावर मिळायचा, आता डॉक्टरची चिठ्ठी लागते. आपल्याकडे होळीला भांग चालते, पण गांजा सापडला की कोठडी. यातलं खरोखर कायदेशीर काय, चांगली पद्धत कुठली आणि भारताला कुठली जमेल?

‘चांगली’ कोणासाठी, हे ठरल्याशिवाय शेवटच्या दोन भागांना उत्तर नाही. फेफऱ्याच्या मुलाच्या आईला हवी असलेली पद्धत वेगळी, कोपऱ्यावरच्या पुडीवाल्याचा धंदा बसवू पाहणाऱ्या सरकारला हवी असलेली वेगळी, आणि खिशात दहा ग्रॅम सापडलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या वकिलाला हवी असलेली तिसरीच. पहिल्या भागाचं उत्तर मात्र नीट देता येतं. त्यासाठी देशांची नावं बाजूला ठेवून झाडाच्या मागे चालत जायचं. बी कोणी दिलं? लागवड कोणी केली? माल साठवला कुठे, विकला कोणी, घेतला कोणी, खिशात किती चालतो, ओढायचा कुठे? प्रत्येक कडीला विचारायचं की इथे कायद्याची परवानगी आहे, की नुसती डोळेझाक आहे, की गुन्हा आहे. जी कडी सुटलेली असते, तिथे बेकायदा धंदा ठाण मांडून बसतो. सगळ्या देशांचे कायदे या एका कसोटीवर घासून बघितले, तर बराचसा गोंधळ मिटतो.

सर्वांत जास्त गैरसमज नेदरलँड्सबद्दल आहे. तिथे गांजा आजही कायद्यानं बंद आहे. १९७६ मध्ये त्यांनी आपल्या अफू कायद्यात घातक आणि सौम्य असे दोन गट केले आणि सौम्य गटातल्या किरकोळ विक्रीवर खटला भरायचा नाही, असं धोरण ठेवलं. मराठीत याला नेमका शब्द आहे: चालवून घेणं. अटी मात्र कडक आहेत. एका गिऱ्हाइकाला ५ ग्रॅमपर्यंत, अठराच्या आतल्याला प्रवेश नाही, जाहिरात नाही, घातक गटातलं काही दुकानात नाही, शेजाऱ्यांना उपद्रव नाही, आणि दुकानातला एकूण साठा ५०० ग्रॅमच्या वर नाही. आता गणित करा. पाचशेला पाचनं भागलं की शंभर गिऱ्हाइकं. गजबजलेल्या दुकानात एवढी गिऱ्हाइकं दुपारपर्यंत होतात. मग पुढचे पाचशे ग्रॅम कुठून येतात? लागवड गुन्हा, घाऊक विक्री गुन्हा. म्हणजे पुढच्या दारानं विक्री चालवून घेतलेली आणि मागच्या दारानं येणारा प्रत्येक किलो गुन्हेगारी टोळ्यांचा. तिथे ‘मागच्या दाराचा प्रश्न’ हा रोजच्या बोलण्यातला शब्दप्रयोग आहे. तो सोडवायला त्यांना जवळजवळ पन्नास वर्षं लागली: डिसेंबर २०२३ मध्ये ब्रेडा आणि टिलबर्गमध्ये परवानाधारक शेतकऱ्यांचा माल दुकानात यायला लागला आणि एप्रिल २०२५ पासून प्रयोगातल्या दहा नगरपालिकांत फक्त तोच विकायचा असं ठरलं. ॲमस्टरडॅमच्या मध्यवस्तीत पर्यटक जातात ती दुकानं अजून जुन्याच पद्धतीनं चालतात.

यावर हसू नका, कारण आपल्या भांगेचंही मागचं दार असंच आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, ‘गांजा’ म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील, तर ती व्याख्येतून वगळली आहेत. चरस म्हणजे वेगळा काढलेला राळेसारखा चीक. पानांची भांग त्यामुळे केंद्राच्या या कायद्याबाहेर राहते, आणि उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश इथे सरकारी परवान्याची भांगेची दुकानं आहेत. पण त्याच कायद्याच्या कलम ८ नं गांजाचं झाड लावायलाच बंदी केली आहे आणि कलम २० मध्ये लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पान चालतं, झाड चालत नाही. म्हणून कागदोपत्री बरीचशी भांग ‘रानात आपोआप उगवलेली’ असते. कलम १० खाली राज्यांना लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार आहे, तो फार थोड्यांनी वापरला.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक इशारा: ‘भांग एनडीपीएसमध्ये नाही, म्हणून चालते’ हे इथे खरं नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात अंमल आणणाऱ्या द्रव्यांमध्ये भांगही येते. परवान्याशिवाय बाळगली, तर राज्याच्या कायद्याखाली गुन्हा होतो. वाराणसीत उघड्यावर मिळणारी गोळी पिशवीत टाकून कल्याणला उतरलात, तर नियम बदललेला असतो.

एनडीपीएसमधली गांजाची व्याख्या प्रत्यक्षात कशी चालते, ते जरा जवळून बघू, कारण ‘आपल्याकडचं मॉडेल’ खरं तर तिथेच दिसतं. पंचनाम्यात ठरलेलं वाक्य असतं: ‘उग्र वासाचा, हिरवट रंगाचा, पाने, फुले, बिया, काड्या मिश्रित गांजा’. सगळं एकत्र एका गोणीत आणि सगळ्याचं वजन एकत्र. आता पायऱ्या बघा. १ किलोच्या आत लहान मात्रा: एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ किलोपासून २० किलोपर्यंत मधली मात्रा: दहा वर्षांपर्यंत. २० किलोच्या वर व्यापारी मात्रा: किमान दहा, कमाल वीस वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. चरसासाठी याच सीमा १०० ग्रॅम आणि १ किलो आहेत. गोणीत २१ किलो भरले आणि त्यातल्या काड्या, सुटी पानं आणि बिया बाजूला केल्यावर शेंडे १६ किलो उरत असतील, तर माणसाच्या आयुष्यातली निदान दहा वर्षं त्या चाळणीवर ठरतात. म्हणून अशा प्रकरणात पहिलं काम आरोपपत्र वाचणं नव्हे, तर वजन कशाचं झालं, नमुना कोणासमोर काढला, गांजाचा नमुना नियमाप्रमाणे २४ ग्रॅमचा होता का, हे बघणं. शेंडे वेगळे मोजलेच नाहीत, या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी जामीन दिल्याची उदाहरणं आहेत. मात्र तो नियम नाही, प्रकरणागणिक बदलतो. ‘लहान मात्रा आहे, ठाण्यातूनच सुटेल’ अशीही समजूत करून घेऊ नये. मुंबई उच्च न्यायालयानं २०२० मध्ये या कायद्यातले सगळेच गुन्हे अजामीनपात्र मानले.

आता पोर्तुगालकडे या, कारण ‘तिथे सगळं कायदेशीर आहे’ हा दुसरा मोठा गैरसमज. २००१ च्या जुलैपासून तिथे स्वतःपुरतं बाळगणं गुन्हा राहिलेलं नाही, पण मनाईही उठलेली नाही. सिग्नल तोडण्याला मनाई असते तशी ती आहे. स्वतःपुरतं म्हणजे दहा दिवसांचं: गांजा २५ ग्रॅम, हशीश, म्हणजे चरस, ५ ग्रॅम. सापडल्यावर माल जप्त होतो आणि माणूस कोर्टात न जाता तीन जणांच्या समितीपुढे जातो. त्यात कायदा, आरोग्य आणि समाजसेवा या क्षेत्रांतली माणसं असतात. ती बघते की हा चुकून एकदा ओढणारा आहे की गुंतलेला आहे. पहिल्याला बहुधा समज देऊन सोडतात, दुसऱ्याला उपचाराकडे वळवतात. गुन्ह्याची नोंद राहत नाही, नोकरी-शिक्षणात आडकाठी येत नाही. पण विक्री गुन्हाच, आणि घरी एक रोप लावणंही गुन्हाच. म्हणजे आपल्या कसोटीवर इथे फक्त शेवटची कडी मोकळी आहे आणि मागच्या सगळ्या बंद. बाजाराला हात लावायचा नाही, फक्त माणसाला तुरुंगापासून वाचवायचं, हाच त्यांचा हेतू होता आणि तो साधतो. काळा बाजार आटत नाही म्हणून या पद्धतीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पूर्ण साखळी कायदेशीर करणारा पहिला देश उरुग्वे. डिसेंबर २०१३ चा कायदा. सुमारे ३४-३५ लाख वस्तीचा देश, म्हणजे पुणे शहराच्या आसपास, हे ध्यानात ठेवा. तिथे तीन वाटा आहेत आणि एका माणसानं एकच निवडायची: घरी सहा झाडं, वर्षाला ४८० ग्रॅमपर्यंत; किंवा १५ ते ४५ सभासदांचा क्लब, जास्तीत जास्त ९९ झाडं; किंवा औषधाचं दुकान. दुकानाची वाट अशी चालते: नागरिकानं किंवा कायम रहिवाशानं टपाल कार्यालयात जाऊन नोंदणी करायची. नंतर औषधवाल्याकडे गेल्यावर अंगठा यंत्रावर ठेवायचा, यंत्र या आठवड्याचा तुमचा किती कोटा उरला ते सांगतं, आणि त्याप्रमाणे ५ ग्रॅमची सीलबंद पाकिटं मिळतात. आठवड्याला १० ग्रॅम, महिन्याला ४०. चाळीस गुणिले बारा, पुन्हा तेच ४८०. रेशनच्या ई-पॉस यंत्राशी ओळख असलेल्या आपल्या माणसाला हे चित्र लगेच कळेल.

अडचणी कुठे आल्या? पहिली, लोकांना सरकारी यादीत नाव नको होतं. दुसरी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती: जुलै २०१७ मध्ये १६ दुकानांत विक्री सुरू झाली आणि महिन्याभरात बँकांनी औषधवाल्यांची खाती बंद करायची भाषा सुरू केली. कारण त्या बँकांचे डॉलरचे व्यवहार अमेरिकी बँकांमार्फत होतात आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात हा पैसा अमली पदार्थांचा पैसा. आपल्या संसदेनं कायदा केला तरी बँकेची दोरी दुसऱ्याच देशाच्या हातात असू शकते. तिसरी अडचण मालाची: सुरुवातीच्या जाती इतक्या सौम्य होत्या की जुने ओढणारे जुन्याच पुरवठादाराकडे राहिले. २०२२ च्या अखेरीस जास्त ताकदीची जात आणावी लागली. सरकार वर्षानुवर्षं नको असलेला माल विकत बसलं, की काळा बाजार हलत नाही.

कॅनडाची पद्धत याच्या उलट टोकाची, व्यापाराची. १७ ऑक्टोबर २०१८ पासून लागवडीचे परवाने केंद्र सरकार देतं, विक्री प्रांतांकडे. क्वेबेकमध्ये फक्त सरकारी दुकानं आणि वय २१, अल्बर्टात खाजगी दुकानं आणि वय १८, बाकी बहुतेक ठिकाणी १९. बाहेर खिशात ३० ग्रॅम वाळलेला गांजा चालतो. इतर प्रकारांसाठी तोलाचं कोष्टक आहे: १ ग्रॅम वाळलेला म्हणजे ५ ग्रॅम ओला, १५ ग्रॅम खाद्यपदार्थ, ५७० ग्रॅम पेय किंवा पाव ग्रॅम अर्क. घरी चार झाडं, पण क्वेबेकनं घरची लागवड बंद ठेवली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी ग्राह्य धरली. एकाच देशात नदी ओलांडली की नियम बदलतो.

कॅनडाकडून खरं शिकायचं ते कराबद्दल. उत्पादन शुल्क ग्रॅमला १ डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यातलं जे जास्त ते. कायदा लिहिला तेव्हा भाव ग्रॅमला दहा डॉलरच्या आसपास धरला होता, म्हणजे दोन्ही सारखेच. मग परवानाधारकांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पिकवलं आणि भाव कोसळले. उत्पादकाच्या हातात ४ डॉलर पडत असतील तर त्यातला एक सरकारला, म्हणजे कर दहा टक्क्यांवरून पंचवीसवर गेला, आणि कायद्यातलं एक अक्षर बदललेलं नाही. किती उत्पादक कर थकवून बुडाले, ते तिथल्या बातम्यांत दिसतं. भाव पडणार हे शेतमालाच्या बाबतीत आपल्याला वेगळं सांगायला नको. कांद्यावर किलोमागे ठोक कर लावल्यासारखं आहे ते.

कॅनडातली दुसरी खाचखळग्याची जागा म्हणजे गांजाचे खाद्यपदार्थ. २०१९ मध्ये ते आले तेव्हा एका पाकिटात १० मिलिग्रॅम टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याची, मर्यादा घातली. ती आरोग्याच्या दृष्टीनं योग्यच म्हणावी लागेल. खाल्लेला गांजा चढायला अर्धा ते दोन तास लागतात. नवखा माणूस ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा तुकडा खातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. पण रोज खाणाऱ्याला दहा मिलिग्रॅम पुरत नाहीत, तो बेकायदा संकेतस्थळावरून पाचशे मिलिग्रॅमचं पाकीट मागवतो. ही ओढाताण कुठल्याच कायद्यानं पूर्ण सुटलेली नाही. नवख्याला जपायचं की सराईताला कायद्यात आणायचं, हे आधी ठरवावं लागतं.

अमेरिका ही एक पद्धत नाही, भांडण आहे. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियानं उपचारासाठी वाट मोकळी केली, २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी सगळ्या प्रौढांसाठी, आणि आज चोवीस राज्यांत तसं आहे. पण केंद्राचा १९७० चा कायदा वर बसलेलाच आहे, आणि २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राज्यानं उपचारासाठी परवानगी दिलेल्या घरच्या रोपांनाही केंद्राचा कायदा लागू होतो. याचा व्यवहारातला चटका करात बसतो. त्यांच्या करसंहितेतलं कलम २८०-ई म्हणतं की केंद्रीय यादीतल्या अशा पदार्थांच्या धंद्याला खर्चाची वजावट नाही. समजा विक्री १०० डॉलर, मालाची किंमत ५०, भाडं-पगार ४०, नफा १०. इतर कुठल्याही दुकानाला दहावर २१ टक्के, म्हणजे २ डॉलर १० सेंट कर. गांजाच्या दुकानाला मात्र पन्नासवर कर: साडेदहा डॉलर. नफ्यापेक्षा कर जास्त! त्यामुळे दुकानात भाव चढा, आणि गल्लीतल्या विक्रेत्याला ना कर ना तपासणी. कॅलिफोर्नियात तीस वर्षांनंतरही काळा बाजार का जोरात आहे, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. उरलेलं स्थानिक नगरपालिकांकडे, कारण दुकानाला जागाच द्यायची नाही असा अधिकार त्यांना आहे.

जर्मनीनं दुकानं मुद्दाम टाळली. खुल्या विक्रीला युरोपीय संघाचे करार आड येत होते, म्हणून १ एप्रिल २०२४ पासून बाळगणं आणि घरची लागवड, आणि १ जुलैपासून बिनानफ्याचे लागवड क्लब. बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम, माणशी तीन झाडं. बाहेर २५ ते ३० ग्रॅममध्ये सापडलात तर दंड, ३० च्या वर गुन्हा. मधली ही पायरी चांगली आहे, कारण तराजूच्या एका काट्यानं कोणी गुन्हेगार होत नाही. क्लबात जास्तीत जास्त ५०० सभासद, प्रत्येकाला दिवसाला २५ आणि महिन्याला ५० ग्रॅम. १८ ते २१ वयाला महिन्याला ३० ग्रॅम आणि १० टक्क्यांपर्यंतच टीएचसी. क्लबात बसून ओढायचं नाही, जाहिरात नाही, शाळा आणि खेळाच्या मैदानांपासून २०० मीटर दूर.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात क्लब चालवणाऱ्याच्या जागी उभे राहा. सगळ्या सभासदांनी पूर्ण कोटा उचलला तर महिन्याला २५ किलो वाळलेला माल लागतो. त्यासाठी बंदिस्त, कुलूपबंद लागवडीची जागा, दिवे, हवा खेळती ठेवायची यंत्रणा, तरुण सभासदांसाठी सौम्य जात वेगळी, प्रत्येक ग्रॅमची नोंद. आणि नफा घ्यायचा नाही, पैसा उभा करायचा तो वर्गणीतून. त्यात परवाना मिळून पहिलं पीक हातात यायला काही महिने. सहकारी संस्था काढून बघितलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. म्हणून बऱ्याच लोकांनी तिसरी वाट धरली: उपचारासाठीचा गांजा. त्याच कायद्यानं तो अमली पदार्थांच्या खास चिठ्ठीतून बाहेर काढून साध्या चिठ्ठीवर आणला, ऑनलाइन प्रश्नावली भरून चिठ्ठी देणारी संकेतस्थळं फोफावली, आयात कितीतरी पटींनी वाढली आणि सरकारला नियम आवळण्याचा मसुदा आणावा लागला. पाणी सर्वांत कमी अडथळ्याच्या बाजूनंच वाहतं.

थायलंडचा धडा थोडक्यात: जून २०२२ मध्ये अमली पदार्थांच्या यादीतून गांजाचं नाव काढलं, फक्त ०.२ टक्क्यांवरच्या टीएचसीचे अर्क बंद ठेवले, आणि पुढचा कायदा करायचा राहून गेला. हजारो दुकानं उघडली. जून २०२५ मध्ये चिठ्ठी सक्तीची केली. बंदी उठवणं एका सहीचं काम, नियम बसवणं वर्षांचं. क्रम उलटा केला की असं होतं.

भारताला काय जमेल, यावर माझं मत स्पष्ट आहे, पण ते मत म्हणूनच घ्या. दुकानांची पद्धत आज जमणार नाही. त्यासाठी संसदेला कायदा बदलावा लागेल, कारण सध्याच्या चौकटीत राज्यांना उपचार, संशोधन, धागा आणि बियांपलीकडे जाता येत नाही. तेवढ्या मर्यादेत उत्तराखंडनं २०१८ पासून ०.३ टक्क्यांच्या आतल्या टीएचसीच्या झाडांना परवाने दिले, आणि २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं या बिया आणि बियांचं तेल खाद्य म्हणून मान्य केलं. तिथेही अडचण शेतीची आहे: डोंगरातली देशी जात ०.३ च्या आत राहत नाही. झाड कुठल्या उंचीवर, कुठल्या बियाण्याचं, यावर टक्का हलतो, आणि तपासणीत ०.५ आला की पीक शेतकऱ्याचं आणि डोकेदुखीही त्याचीच. बियाणं प्रमाणित केल्याशिवाय परवाना देणं म्हणजे शेतकऱ्याला कोर्टाची पायरी दाखवणं.

साखळी बंदिस्त ठेवून गांजा विकण्याचा अनुभव या उपखंडाला नाही, असं मात्र नाही. ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज (गांजा-भांग) आयोगानं बंदी नको, परवाना आणि कर ठेवा, असंच सांगितलं होतं. बंगालात नौगावला, आज ते बांगलादेशात आहे, ठरावीक पट्ट्यातच लागवड, सगळं पीक सरकारी गोदामात, तिथून कर भरून परवान्याच्या दुकानात, आणि १९१७ पासून शेतकऱ्यांची सहकारी संस्था. आजच्या भाषेत सांगायचं तर बियापासून विक्रीपर्यंतचा मागोवा, फक्त संगणकाऐवजी खतावणीत.

माझ्या मते आधी करायचं काम त्याहून लहान आहे: लहान मात्रा आणि सेवन, म्हणजे कलम २० मधली पहिली पायरी आणि कलम २७, फौजदारी कोर्टातून काढून पोर्तुगालसारख्या समितीकडे द्यायचं. सध्या कलम ६४-अ मध्ये उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सूट आहे, पण त्यासाठी त्याला ‘मी व्यसनी आहे’ असं म्हणून पुढे यावं लागतं, आणि महिन्यातून एकदा ओढणारा ते का म्हणेल? समिती चालवायला प्रत्येक जिल्ह्यात समुपदेशक आणि उपचाराची खाट लागेल. ते न करता फक्त कलम काढलं, तर पोर्तुगालचा अर्धाच भाग आणला असं होईल. आणि दुसरं, पंचनाम्यात शेंडे वेगळे करून मोजण्याची सक्ती. याला कायदा बदलायलाही नको, नियमातली एक ओळ पुरेल.

रुग्णांचं थोडक्यात. ‘औषधी गांजा’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक, मोजलेलं औषध: उदाहरणार्थ फेफऱ्याच्या काही दुर्मीळ प्रकारांसाठी अमेरिकेत जून २०१८ मध्ये मान्य झालेलं सीबीडीचं, म्हणजे गांजातल्या नशा न आणणाऱ्या द्रव्याचं, द्रावण, मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, वजनावर मात्रा. दोन, चिठ्ठीवर मिळणारी कळी, जिची ताकद आणि मात्रा बरीचशी घेणाऱ्याच्या हातात. ब्रिटननं नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन्हीला वाट दिली, पण तज्ज्ञ डॉक्टरनंच लिहायचं असं ठरवल्यामुळे सरकारी सेवेत फार थोड्यांना मिळतं, बाकीचे खाजगी दवाखान्यात पैसे मोजतात. आपल्याकडे विजया नावानं पानांच्या अर्काची आयुर्वेदिक औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. ती घेताना बाटलीवर टीएचसी आणि सीबीडी मिलिग्रॅममध्ये लिहिलं आहे का बघा. नुसतं ‘अर्क ५०० मिलिग्रॅम’ लिहिलं असेल, तर त्यात काय किती आहे हे कळत नाही, आणि फेफऱ्याच्या गोळ्या चालू असतील तर मेंदूच्या डॉक्टरला सांगितल्याशिवाय थेंबही नको. सीबीडीमुळे काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

शेवटी प्रवासाचं, कारण प्रश्न विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं तेच हवं असतं. तिकडची पावती इकडे ढाल होत नाही. बँकॉकहून हायड्रोपोनिक (मातीविना पाण्यात वाढवलेला) गांजा आणणारे प्रवासी मुंबई विमानतळावर पकडले जातात, ते आयातीच्या कलम २३ खाली, आणि मात्रेच्या पायऱ्या त्याच. गांजाच्या गमी (चघळायच्या गोळ्या) आणि चॉकलेटं जास्त घातकी: २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिश्रणाचं एकूण वजन धरायचं असं सांगितलं आहे. १० मिलिग्रॅम टीएचसीची ५ ग्रॅमची गमी इथे पाच ग्रॅम म्हणून मोजली जाऊ शकते, आणि शुद्ध टीएचसीच्या यादीत लहान मात्रा आहे फक्त २ ग्रॅम. अमेरिकेत व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर राज्याचा कायदा तुम्हाला वाचवत नाही: २०१९ पासून नागरिकत्व खात्याच्या मार्गदर्शनातच लिहिलं आहे की राज्यात कायदेशीर असलेलं सेवन, किंवा अशा कंपनीतली साधी नोकरीसुद्धा, अर्जाच्या आड येऊ शकते. अधिकाऱ्यासमोर ‘हो, कॉलेजात एकदा’ एवढं बोलणंही कबुली ठरतं. सिंगापूरचे कायम रहिवासी असाल, तर परदेशात केलेलं सेवनही तिथे गुन्हा आहे आणि परतल्यावर लघवीची तपासणी होऊ शकते. ॲमस्टरडॅमचा शनिवार चांगी विमानतळावर बुधवारी सापडतो. जर्मनीत गाडी चालवणाऱ्यांना रक्ताच्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, मिलिलिटरला ३.५ नॅनोग्रॅमची सीमा आहे. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात तेवढं दुसऱ्या दिवशीही असू शकतं, आणि नव्या परवान्याच्या चालकाला तर तेवढीही सवलत नाही.